गुळगुळीतपणा : शून्य

हर्णै बंदरातला बर्फाचा बंद कारखाना
शलाकानं दोन रात्रींसाठी भाड्यानं घेतला.
भिंतींना अजून अमोनियाचा वास,
फरशीला मिठाचा घाम.

मी ट्रॉलरवरचे फिशफाइंडर दुरुस्त करतो.
पाण्यात आवाज सोडायचा,
परत येईल त्याचं चित्र काढायचं, एवढीच माझी विद्या.
ती म्हणाली, सोलकर, तेच हवंय,
फक्त पाण्याच्या जागी मी.

सात सेन्सर : मनगटं, गुडघे, घोटे,
एक कण्याच्या मुळाशी.
क्रेप बँडेजनं बांधले, घामानं सुटू नयेत म्हणून
वरून सायकलच्या ट्यूबचे वेढे.
पडद्याला पैसे नव्हते.
रघुवीरांच्या अण्णांनी फाटकं जाळं दिलं,
"सांधून सांधून आता सांधेच उरलेत, ने."
पूर्वी जिथून लाद्या उतरायच्या
त्या कप्पीला ते टांगलं.
प्रकाश थोडा सुतात अडकायचा,
बाकीचा डोळ्यांतून निसटून मागच्या भिंतीवर.

आकृती तिच्या मागून यायची, किंचित उशिरा.
मी ओशाळून वायरी हलवत बसलो.
"असू दे," ती म्हणाली,
आणि गिरकीच्या टोकाला थांबू लागली, तिच्यासाठी.

डाव्या पायात दोन स्क्रू आहेत.
पुण्यातल्या एका तालमीत मोडला तेव्हाचे.
टाच टेकताना जरा थरथरते.
प्रोग्रॅमच्या लेखी ती थरथर म्हणजे गोंगाट.
मी गुळगुळीतपणा ऐंशीवर नेला.
जाळ्यात ती तेलासारखी वाहू लागली,
मला बरं वाटलं.

लिलाव आटपून बाया आल्या, क्रेट उलटे टाकून बसल्या.
इंजिनाच्या आवाजावरून होडी कुणाची ते सांगणाऱ्या
जैबूनखाला बराच वेळ बघत राहिल्या.
"खालची आमची पोर. वरची कोन?"

शलाका लॅपटॉपपाशी उकिडवी बसली.
"हे माझं काय खातंय?"
मी पट्टी दाखवली. तिनं बोटानं ती शून्यावर ओढली.
मग सगळंच आलं :
जनरेटरचा धक्का, दार आपटलं ते, तिचा श्वास.
ती स्तब्ध उभी, आणि आकृती
वाऱ्यावरच्या वातीसारखी.
"मी तर उभी आहे."
"हो."
"उभं राहायला एवढं लागतं?"

अब्बा शिकवायचे : गेन कमी कर,
कचरा काढ, मासळी तेवढी ठेव.

दुसऱ्या रात्री एक्केचाळीस माणसं.
अकराव्या मिनिटाला डाव्या घोट्याची बॅटरी गेली.
आकृतीचं पाऊल जिथं होतं तिथंच राहिलं,
गुडघ्याइतक्या उंचीवर, हवेत ठोकल्यासारखं.
ती पुढे गेली, पायाची रेघ दोरासारखी ताणत गेली,
जाळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.
माझा हात बंद करायच्या बटणावर.
तिनं वर बघितलं.
मग भरती-ओहोटीला नांगरावरची होडी तोंड फिरवते
तशी ती त्या पावलाभोवती फिरली,
एकदा लांबून, एकदा जवळून.
कुणी खोकलंसुद्धा नाही.
शेवटी तिनं आपला पाय उचलला,
स्क्रूंचा, थरथरणारा,
आणि त्या पावलात घातला.
रेघ सैल पडली.
मागून खालांचा आवाज : "हां. आता आली."

फाइल माझ्याकडे आहे, बावीस मिनिटांची.
अजून उघडली नाही.

आज इब्राहिमभाईंच्या ट्रॉलरवर नवा डिस्प्ले बसवला.
ते पडद्याकडे बघून कुरकुरले,
"नुसते ठिपके दिसतायत रे, गेन वाढलाय."
मी स्क्रू पिळत होतो.
म्हटलं, राहू द्या दोन दिवस.